आळशी झाडाचं बी

प्रश्न : ताई, नमस्कार. जानेवारीच्या पहिल्या आठवड्यात गच्चीवर दोन क्रेटमध्ये बोक चॉय ही चिनी पालेभाजी पेरली. पाकिटावर पंचेचाळीस दिवसांत गड्डा तयार होईल असं छापलं होतं. फेब्रुवारीत पानं तळहाताएवढी होतात न होतात तोच मधून दांडा निघाला आणि पिवळी फुलं आली. ऊन लागलं म्हणून बाकीची रोपं उपटून टाकली, एक झाड बियांसाठी ठेवलं. मार्चअखेर त्याला शेंगा दिसल्या, पण फोडल्या तर आत बीच नाही. शेजारच्यांनी मोहरी लावली होती, तिच्यामुळे काही बिघडलं का? — एक वाचक, जळगाव

उत्तर : दादा, उन्हाला तुम्ही शिव्या घातल्यात, पण सुरुवात थंडीने केली. हे पीक कोवळं असताना त्याला आठ-पंधरा थंड रात्री मिळाल्या की ते मनाशी ठरवतं, हिवाळा झाला, आता फुलायचं. जळगावात जानेवारीत रात्रीचा पारा दहाच्या आसपास उतरतो. तुमचं बी नेमकं तेव्हा उगवत होतं. मग फेब्रुवारीत दिवस मोठा झाला, ऊन तापलं, आणि दांडा सुटला. कांद्याला डेंगळे येतात त्यातलाच हा प्रकार. खायचं असेल तर पेरणी दसऱ्यानंतर लगेच करा. ऑक्टोबरचं ऊन कडक असतं, म्हणून पहिले वीस दिवस हिरव्या जाळीखाली ठेवा आणि माती वाळू देऊ नका. नोव्हेंबरच्या शेवटी मऊ, पांढऱ्या देठाचे गड्डे हातात येतात. मी नागपुरात गेली नऊ वर्षं हेच करते.

उपटून टाकलेल्या रोपांचं मात्र वाईट वाटलं. कळ्यांसकट कोवळा दांडा चिरून, लसणाची फोडणी देऊन, पीठ पेरून भाजी करायची. आमच्याकडे गड्ड्यापेक्षा तीच आधी संपते.

आता रिकाम्या शेंगा. तुम्ही एकच झाड ठेवलंत, तिथेच चुकलं. बोक चॉयला सगोत्र चालत नाही. स्वतःचा पराग स्वतःच्या फुलावर पडला तरी फूल तो रुजू देत नाही, दुसऱ्या झाडाचाच लागतो. माझंही एकदा एकच झाड उरलं होतं. तेव्हा एक जुनी युक्ती करून पाहिली. उमलायला दोन-तीन दिवस असलेली हिरवी कळी चिमट्याने अलगद उघडायची आणि त्याच झाडाच्या उमललेल्या फुलाचा पराग आत टेकवायचा. कळीत ती नकार देणारी यंत्रणा अजून तयार झालेली नसते. चष्मा लावून, सकाळी गच्चीत पाट टाकून चाळीस कळ्या केल्या. मान धरली, अकरा शेंगा भरल्या. हौस म्हणून ठीक आहे. तुम्ही दहा-बारा झाडं ठेवा आणि काम फुलोरी मधमाशांवर सोडा. दुसरं म्हणजे तुमचं झाड मार्चात फुलत होतं. पस्तीसच्या वरच्या उन्हात परागच निकामी होतो, मग माशा येऊनही उपयोग नाही.

मोहरीवर आळ घेऊ नका. नागाहारू ऊ या शास्त्रज्ञाने 1935 साली दाखवून दिलं की आपली मोहरी म्हणजे दोन जातींचा मिळून झालेला संसार आहे : एक काळी मोहरी आणि दुसरी बोक चॉयचीच जात. म्हणजे नातं आहे, पण चुलत घराण्यातलं, सहजासहजी सोयरीक जुळत नाही. सख्खी जात वेगळी. सलगम, चायनीज कोबी आणि तेलासाठी लावतात ती पिवळी सरसों यांपैकी काही जवळपास फुललं असेल तर संकर नक्की समजा. मुळा, कोबी, नवलकोल यांची भीती बाळगू नका.

आता माझी चूक सांगते, कारण तुम्हीही ती करणार. पहिली दोन वर्षं मी सगळ्यांत आधी फुललेल्या झाडांचं बी धरलं. लवकर तयार झालं, शेंगा टपोऱ्या, मी खूश. तिसऱ्या वर्षी दसऱ्याला पेरलेली रोपं दिवाळीच्या फराळाचे डबे रिकामे व्हायच्या आत फुलली! पान एक धड नाही. घाईची झाडं मीच निवडून निवडून वाढवली होती. तेव्हापासून वीस झाडं लावते. ज्यांना आधी दांडा पडतो ती सहा-सात फूल उमलायच्या आत कढईत जातात, म्हणजे त्यांचा परागही बाकीच्यांत मिसळत नाही. बी धरते ते उरलेल्या आळशी झाडांचं. ती संक्रांतीनंतर एकदम फुलतात. फार आळशीही नको, फेब्रुवारी संपत आला तरी पानंच फुटतायत असं झाड मी सोडून देते, त्याच्या शेंगा उन्हात सापडतात. आणि पाकिटावर ‘संकरित’ लिहिलेलं असेल तर बी धरायच्या भानगडीत पडू नका, पुढची रोपं एकासारखी एक निघत नाहीत.

फुलांच्या दांड्यावर मावा हमखास येतो, शेंड्याला राखाडी लेप दिल्यासारखा. निंबोळी अर्क संध्याकाळी मारा, सकाळी माशांची वेळ असते. शेंगा धरल्या की जुनी ओढणी बांधा, नाहीतर पोपट आधी येतात. खालच्या शेंगा गवताच्या रंगाच्या झाल्या की पूर्ण वाळायची वाट न बघता पहाटे, दव असताना दांडे कापा. दुपारी हात लावलात तर शेंगा तडकून बी गच्चीभर. दांडे उशीच्या अभ्र्यात उलटे घालून सावलीत टांगायचे, आठवड्याने अभ्रा चुरडायचा, सुपात पाखडायचं. दाणा दाताखाली कट्कन फुटला की बरणीत भरा. चार वर्षं सहज उगवतं.

प्रश्न : मी मस्कतला असते. इथे हिवाळ्यातही रात्री फारशा गार होत नाहीत. बोक चॉय छान येतं, पण फुलतं एप्रिलच्या उन्हात आणि बी धरत नाही. काय करू? — एक वाचक, मस्कत

उत्तर : थंडी नाही तर फ्रिज आहे. ऑक्टोबरमध्ये बी ओल्या फडक्यात बांधा, पांढरा मोड जेमतेम दिसला की फडकं डबीत घालून फ्रिजच्या खालच्या कप्प्यात तीन आठवडे ठेवा. फडकं वाळू देऊ नका. मग नोव्हेंबरमध्ये लावा, ऐन गारव्यात फुलेल. ही बियाण्याची झाडं, त्यांच्याकडून गड्ड्याची अपेक्षा करू नका. खायची वेगळी पेरा, फ्रिज न दाखवता. माझ्या मुलुंडच्या बहिणीला यातून चमचाभर बी मिळालं, दुसऱ्या वर्षी. पहिल्या वर्षी सुनेने डबी उघडली, मटकी नासली म्हणून फेकून दिली. डबीवर चिठ्ठी चिकटवा.