वाचकांचे प्रश्न : मजकूर आपला आहे, मग शोधात मागे का?

संकेतस्थळ तयार झाले, मजकूरही चढवला, तरी शोधयंत्रात ते कोठेच दिसत नाही, अशा आशयाची पत्रे गेल्या काही महिन्यांत इतकी आली की या वेळचे सदर त्यांनाच द्यावे असे ठरवले. ज्यांनी आपले पान किंवा अहवाल सोबत जोडला होता त्यांना आधी घेतले आहे, कारण पान समोर असले की मोघम उत्तर देऊन सुटका होत नाही.

प्रश्न : मी लाकूडकामाची हत्यारे ऑनलाइन विकतो. संकेतस्थळावर सुमारे तीनशे वस्तू असून प्रत्येकीचे वर्णन उत्पादकाच्या माहितीपत्रकातून जसेच्या तसे घेतले आहे. यांपैकी बहुतेक पाने गूगलवर दिसत नाहीत. नकलेबद्दल मला दंड झाला आहे का? वर्णनातील शब्द बदलले तर काम भागेल का?

उत्तर : दंड झालेला नाही. एकच मजकूर अनेक ठिकाणी आहे एवढ्या कारणावरून गूगल कोणालाही शिक्षा करत नाही, असे त्या कंपनीने अनेकदा स्पष्ट केले आहे. होते ते असे की एकसारखी पाने एका गठ्ठ्यात बांधली जातात आणि त्या गठ्ठ्यातून एकच पान प्रतिनिधी म्हणून पुढे केले जाते. तेच माहितीपत्रक उत्पादकाच्या स्वतःच्या संकेतस्थळावर आणि आपल्यासारख्या अनेक विक्रेत्यांकडे असताना प्रतिनिधित्वाचा मान आपल्याला मिळण्याचे कारण उरत नाही.

शब्द बदलण्याविषयी थोडे सविस्तर सांगतो, कारण ही समजूत फार खोलवर रुजलेली आहे. जवळजवळ सारखी पाने ओळखण्याची एक जुनी पद्धत संगणकशास्त्रज्ञ आंद्रेई ब्रोडर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९७ मध्ये, अल्टाव्हिस्टा या त्या काळच्या शोधयंत्राने गोळा केलेल्या सुमारे ३ कोटी पानांवर वापरून दाखवली होती. तीत मजकुराचे, कौलांसारखे एकमेकांवर चढणारे, सलग शब्दांचे गट पाडतात. समजा, आपल्या पटाशीचे वर्णन ६० शब्दांचे आहे आणि गट दहा शब्दांचा आहे. पहिला गट पहिल्या ते दहाव्या शब्दापर्यंत, दुसरा दुसऱ्या ते अकराव्या शब्दापर्यंत, असे एकूण ५१ गट होतील. आता आपण मधला ‘टिकाऊ’ हा शब्द काढून ‘मजबूत’ लिहिला, तर तो शब्द ज्यांत येतो असे जास्तीत जास्त दहा गट बदलतील आणि उरलेले ४१ मूळ वर्णनाशी तंतोतंत जुळतील. मग ओळख पटायला कितीसा वेळ लागणार? पुढे २००७ मध्ये गूगलच्या अभियंत्यांनी प्रत्येक पानाचा ६४ बिटांचा, म्हणजे ६४ शून्य-एकांचा, ठसा काढून अब्जावधी पानांतून जवळच्या नकला शोधण्याची रीत प्रसिद्ध केली. आजची यंत्रे त्याहून पुष्कळ पुढे गेली आहेत आणि शब्दांमागचा अर्थही बऱ्यापैकी ताडतात. तेव्हा समानार्थी शब्दांचा कोश घेऊन बसण्याची मेहनत वाया जाणारी आहे.

मेहनत कोठे करावी, हे आपण पाठवलेल्या पानावरच पाहू. पटाशीच्या पानावर सध्या इतकेच आहे : ‘उच्च दर्जाच्या पोलादापासून बनवलेली, टिकाऊ आणि आकर्षक पटाशी. मुठीची पकड आरामदायी.’ हे वाक्य जगातल्या कोणत्याही पटाशीला लागू पडते, म्हणून ते कोणत्याच पटाशीविषयी काही सांगत नाही. याउलट पत्राच्या दुसऱ्या पानावर, जाता जाता, आपण लिहिले आहे की नवी पटाशी घेणारे ग्राहक आठवडाभरात ‘धार बसत नाही’ म्हणून फोन करतात, कारण पात्याची मागची बाजू कारखान्यातून पूर्ण सपाट होऊन येत नाही आणि ती आधी दगडावर सपाट करावी लागते, हे त्यांना कोणी सांगितलेले नसते. महोदय, आपला मजकूर हाच आहे, आणि तो आपण माहितीपत्रकात शोधत बसलात! त्याला जोडून हेही सांगता येईल की धार साधारण २५ अंशांत आलेली असते, कठीण लाकडासाठी तिच्या टोकाशी ३० अंशांची अरुंद दुसरी धार दिली तर ती लवकर बोथट होत नाही, आणि मागची बाजू सपाट झाली की नाही हे पात्यावर शाईच्या रेघा ओढून दगडावर चार हात मारल्यावर लगेच कळते, कारण जेथे शाई उरते तेथे खोलगट भाग असतो. यासोबत त्याच पटाशीचे, शाई अर्धी पुसलेल्या अवस्थेतले, स्वतः काढलेले छायाचित्र द्यावे आणि त्याच्या पर्यायी मजकुरात, म्हणजे चित्राऐवजी वाचता येणाऱ्या कोडमधील ओळीत, चित्रात काय दिसते ते एका साध्या वाक्यात लिहावे.

तीनशे पाने एकदम बदलण्याचा संकल्प करू नये. तो पहिल्या आठवड्यातच मोडतो. ज्यांच्याविषयी फोन अधिक येतात अशी वीस हत्यारे निवडावीत. उरलेल्यांत एकच करवत केवळ मुठीच्या रंगानुसार पाच पानांवर असेल, तर त्यांतील मुख्य पान कोणते हे ‘कॅनॉनिकल’ खुणेने सांगावे. ही सोय गूगल, याहू आणि मायक्रोसॉफ्ट यांनी २००९ मध्ये एकत्रितपणे सुरू केली आणि ती बसवणे तंत्रज्ञाला काही मिनिटांचे काम आहे.

प्रश्न : लेख किती शब्दांचा असावा आणि त्यात मुख्य शब्द किती वेळा यावा? मला कोणी १,५०० शब्द सांगतो, तर कोणी २,०००.

उत्तर : शब्दसंख्येची अट कोणत्याही प्रमुख शोधयंत्राने घातलेली नाही आणि मुख्य शब्दाचे प्रमाणही ठरवून दिलेले नाही. ज्या शब्दांत माणसे शोध घेतात ते शब्द शीर्षकात आणि मजकुरात स्वाभाविकपणे यावेत, एवढेच पाहावे. पानाच्या कोडमध्ये ‘कीवर्ड्स’ नावाच्या टॅगमध्ये शब्दांची माळ ओवण्याचा उद्योग अजूनही काही जण पैसे घेऊन करतात. आपण क्रमवारीसाठी तो टॅग पाहतच नाही, हे गूगलने २००९ मध्येच जाहीर केले होते.

प्रश्न : परभाषेतील चांगले लेख अनुवाद करून मी माझ्या संकेतस्थळावर देतो. शोधयंत्र याला नक्कल समजते का?

उत्तर : समजत नाही. दोन भाषांतील पाने त्याच्या दृष्टीने दोन निराळी पाने असतात. मात्र प्रश्न दुसरीकडे आहे : १८८६ च्या बर्न करारानुसार अनुवादाचा अधिकार मूळ लेखकाकडे असतो, त्यामुळे आधी परवानगी घ्यावी. तसेच यंत्राने केलेला अनुवाद न वाचताच ढिगाने चढवणे गूगलच्या नियमांत बसत नाही. परवानगी घेऊन, स्वतः वाक्य वाक्य तासून केलेला अनुवाद हे खरे काम आहे आणि ज्या भाषेत त्या विषयावर फारसे काही उपलब्ध नाही तेथे त्याला वाचकही लवकर मिळतो.

प्रश्न : मी जुनी घड्याळे दुरुस्त करतो आणि अनुभवावरून लेख लिहितो. माझा एक लेख एका मोठ्या संकेतस्थळाने न विचारता उचलला आणि आता शोधात त्यांचे पान वर व माझे खाली दिसते. मूळ कोणाचे, हे यंत्राला कळत नाही का?

उत्तर : आपला संताप रास्त आहे. जे पान यंत्राने आधी पाहिले तेच मूळ, इतका हा हिशेब सरळ नसतो. कोणत्या पानाकडे बाहेरून दुवे येतात, संकेतस्थळाच्या आराखड्यात म्हणजे साइटमॅपमध्ये कोणता पत्ता दिला आहे, कॅनॉनिकल खूण काय सांगते, अशा अनेक इशाऱ्यांवरून निवड होते आणि मोठ्या, जुन्या संकेतस्थळाकडे हे इशारे अधिक असतात. गूगलचे संस्थापक लॅरी पेज आणि सर्गेई ब्रिन यांनी १९९८ मध्ये मांडलेल्या पद्धतीचा गाभाच हा होता की ज्या पानाकडे वजनदार पाने बोट दाखवतात ते पान वजनदार मानावे. आज दुवे हा अनेक घटकांपैकी एक घटक आहे, पण त्याचे महत्त्व संपलेले नाही.

करायचे असे. लेखातील एखादे खास आपल्या वळणाचे वाक्य दुहेरी अवतरणचिन्हांत घालून शोधावे, म्हणजे नकला कोठे कोठे आहेत ते समजेल. मग सर्च कन्सोल या गूगलच्या मोफत साधनात आपल्या पानाचा पत्ता तपासून ते सूचीत, म्हणजे शोधयंत्राने नोंदवलेल्या पानांत, आहे की नाही आणि गूगलने मुख्य पान म्हणून कोणता पत्ता निवडला आहे, ते पाहावे. अनेकदा असे आढळते की आपले पान सूचीत गेलेलेच नसते आणि त्याचे कारण आपल्याच बाजूला असते. एखाद्या तंत्रज्ञाने काम चालू असताना लावलेली ‘सूचीत घेऊ नका’ ही खूण काढायची राहिलेली असते. तसे काही नसेल तर त्या संकेतस्थळाला लेखी कळवावे. उत्तर आले नाही तर अमेरिकेच्या १९९८ च्या डीएमसीए या डिजिटल स्वामित्वहक्कविषयक कायद्याच्या आधारे गूगलकडे स्वामित्वहक्कभंगाची तक्रार ऑनलाइन अर्जाने करता येते आणि ती मान्य झाल्यास ते पान शोधाच्या निकालांतून वगळले जाते. यापुढे कोणाला लेख पुनर्मुद्रणासाठी दिलात, तर त्यांचे पान त्यांनी सूचीबाहेर ठेवावे, अशी अट आधीच घालावी. नुसते ‘साभार’ लिहिल्याने यंत्राला काही कळत नाही.

प्रश्न : एक संस्था दरमहा शंभर लेख एआयकडून तयार करून देण्यास तयार आहे. ‘प्रत्येक लेख शंभर टक्के मूळ असेल, नक्कल तपासणीत सापडणार नाही’ अशी त्यांची हमी आहे. घ्यावेत का?

उत्तर : घेऊ नयेत, असे माझे स्पष्ट मत आहे. लेख यंत्राने लिहिला म्हणून तो वर्ज्य ठरत नाही. मजकूर कसा तयार झाला यापेक्षा तो कसा उतरला आहे हे आपण पाहतो, असे गूगलने फेब्रुवारी २०२३ मध्ये सांगितले आहे. परंतु मार्च २०२४ मध्ये त्यांनी आपल्या नियमांत असेही घातले की केवळ क्रमवारीत वर येण्यासाठी घाऊक प्रमाणात तयार केलेली, वाचकाच्या फारशी उपयोगी न पडणारी पाने, ती माणसाने लिहिलेली असोत वा यंत्राने, गैरप्रकारात मोडतील. शंभर लेखांचा करार याच व्याख्येच्या उंबरठ्यावर उभा आहे.

शिवाय हे नाटक पूर्वी एकदा होऊन गेले आहे. २०१० च्या सुमारास लोक काय शोधतात ते पाहून त्या त्या विषयावर अल्प मोबदल्यात लेख पाडून घेणाऱ्या संकेतस्थळांची चलती होती. ते लेखही कोठून चोरलेले नव्हते, नक्कल तपासणीत तेही सापडले नसते. फेब्रुवारी २०११ मध्ये गूगलने केलेल्या बदलाने, ज्याला पुढे पांडा हे नाव पडले, अमेरिकेतील सुमारे १२ टक्के शोधांचे निकाल हलले आणि त्यांतील बरीच संकेतस्थळे खाली घसरली. संस्थेची हमी म्हणूनच फसवी वाटते : शब्द कोठे सापडत नाहीत एवढेच ती सांगते. लेखात असे काही आहे का, जे आपल्याला ठाऊक आहे आणि इतरांना नाही, हा प्रश्न तिने आपल्याला विचारलाच नाही. शोधाचे निकाल कितपत चांगले आहेत हे पाहणाऱ्या गूगलच्या गुणवत्ता-तपासनिसांसाठीच्या मार्गदर्शिकेत डिसेंबर २०२२ मध्ये कौशल्य, अधिकार आणि विश्वासार्हता यांच्या जोडीला ‘अनुभव’ हा शब्द आला, तो उगीच नाही. यंत्राचा उपयोग करायचाच असेल तर आपल्या कच्च्या टिपणांची भाषा नीट करण्यासाठी करावा आणि आलेला प्रत्येक आकडा स्वतः पडताळावा.

प्रश्न : (घड्याळदुरुस्ती करणाऱ्या वाचकांचाच) नवीन लेख टाकून नऊ आठवडे झाले. किती वाट पाहावी? सोबत सर्च कन्सोलचा अहवाल जोडला आहे.

उत्तर : केलेल्या सुधारणांचा परिणाम दिसण्यास साधारण चार महिने ते एक वर्ष लागू शकते, असे गूगलचेच म्हणणे आहे. नऊ आठवड्यांत रोज स्थान पाहणे म्हणजे पेरलेले बी उकरून पाहणे होय. सर्च कन्सोल १६ महिन्यांची आकडेवारी ठेवते, तेव्हा घाईने काही निसटून जाण्याची भीती नाही.

तथापि आपला अहवाल निराश होण्यासारखा मुळीच नाही. ‘जलरोधक घड्याळांची निगा’ हे आपल्या लेखाचे शीर्षक आहे, आणि अहवालात लोक ज्या शब्दांनी तेथपर्यंत येतात ते शब्द आहेत ‘घड्याळाच्या काचेत वाफ’. पान त्यांना दिसते, पण ते त्यावर टिचकी मारत नाहीत, कारण शीर्षकात वाफेचे नाव नाही आणि तिच्यावरचे उत्तर सातव्या परिच्छेदात दडले आहे. तो परिच्छेद उचलून अगदी वर आणावा. काचेत आतून वाफ धरणे म्हणजे काचेची किंवा चावीजवळची रबरी कडी निकामी झाल्याची खूण, घड्याळ उन्हात किंवा गरम हवेत धरू नये, पोलादी भागांना गंज चढण्याआधी ते उघडून कोरडे करून घ्यावे, हे तीन मुद्दे पहिल्या पाच ओळींत यावेत. शीर्षक ‘घड्याळाच्या काचेत वाफ का धरते आणि लगेच काय करावे’ असे ठेवावे. पानाचा पत्ता मात्र बदलू नये. आधीच बदलला असेल तर जुन्या पत्त्यावरून नव्याकडे कायमचे वळण, म्हणजे ३०१ रीडायरेक्ट, लावून घ्यावे. हे झाल्यावर सर्च कन्सोलमधून पान पुन्हा तपासण्याची विनंती एकदाच पाठवावी आणि दोन महिन्यांनी हाच अहवाल, त्याच शब्दांसाठी, आम्हाला पुन्हा पाठवावा.