आधी उतरायला शिकवणारा वर्ग शोधा

प्रश्न : ताई, आम्ही मेलबर्नच्या पश्चिमेकडच्या उपनगरात राहतो. मुलगी आठ वर्षांची. मैत्रिणीच्या वाढदिवसाला सर्कसचं वर्कशॉप होतं, तिथे ती एकदा सिल्कला, म्हणजे छतापासून सोडलेल्या कापडी पट्ट्याला, लटकली आणि तेव्हापासून दुसरं काही बोलतच नाही. नवरा म्हणतो, स्विमिंग सोडवून हे कशाला? सासूबाई सहा महिन्यांसाठी आल्या आहेत. त्या म्हणतात, ‘पोरीला डोंबाऱ्याचे खेळ शिकवायला परदेशात आलात का?’ मला स्वतःला तिच्या पडण्याची भीती वाटते. पाठवू का?

उत्तर : पाठवा. स्विमिंग मात्र सोडवू नका. ऑस्ट्रेलियात समुद्र, नद्या आणि मागच्या अंगणातले पूल यांच्या शेजारी मूल वाढवायचं तर त्याला पोहता यायलाच हवं. ती गरज आहे आणि सिल्क ही आवड आहे. दोन्ही झेपत असेल तर दोन्ही करा.

आधी सासूबाईंचं घेते, कारण त्या वाक्याने तुम्ही दुखावलेल्या दिसता. आठवडी बाजारात ढोलकीवर दोरीवरून चालणारी मुलगी त्यांनी पाहिली असणार, मीही पाहिली आहे. हातात आडवा बांबू, खाली कडक जमीन, गादीचं नाव नाही. ती सहा-सात वर्षांची मुलगी जे करत होती ते आज जगभरच्या सर्कस-शाळांत वर्षानुवर्षं शिकवावं लागतं. आपण तिच्यापुढे दोन रुपये टाकले आणि तिच्या समाजाचं नाव शिवीसारखं वापरत राहिलो. चूक आपली होती. त्या मुलीला निवड नव्हती, शाळा नव्हती, खाली गादी नव्हती. तुमच्या मुलीला तिन्ही आहेत. सासूबाईंशी भांडू नका, पण एवढं त्यांना शांतपणे सांगा.

आणि हेही सांगा की हिंदुस्थानातली पहिली सर्कस मराठी माणसाने काढली. विष्णुपंत छत्रे कुरुंदवाड संस्थानात घोडे शिकवायचे, १८८० साली त्यांनी सर्कस उभी केली. पुण्याचे दामू धोत्रे वाघ-सिंहांची कामं करत अमेरिकेच्या रिंगलिंग सर्कशीपर्यंत पोचले. मग दोरीच्या मल्लखांबाची आठवण काढा. सासूबाईंच्या शाळेतल्या मैत्रिणींपैकी कुणीतरी नक्की केला असेल. मी साताऱ्याला पाच वर्षं केला. सुती दोर पायाच्या अंगठ्यात आणि शेजारच्या बोटात धरून वर जायचं आणि कुठेही गाठ न मारता नुसत्या वेढ्यांवर शरीर तोलायचं. सिल्कवर हेच चालतं. फक्त दोराच्या जागी छतापासून सोडलेला लांब, मऊ कापडाचा दुपेडी पट्टा असतो. तुमची मुलगी परक्यांचं काही करायला निघालेली नाही.

आता तुमच्या भीतीकडे येते. भीती रास्त आहे, पण ती चुकीच्या जागी लागली आहे. चांगल्या वर्गात आठ वर्षांचं मूल उंचावरून पडेल असा प्रसंग सहसा येऊच देत नाहीत, कारण सुरुवातीचे कितीतरी आठवडे ते तुमच्या डोक्याच्या वर जातच नाही. मला काळजी वाटते ती मूल वर अडकण्याची. हे मी स्वतः भोगलेलं आहे.

माझा मुलगा नऊ वर्षांचा असताना आम्ही घराजवळचा एक वर्ग लावला होता. चौदा मुलं, शिकवणारी एक. तिसऱ्याच शनिवारी तिने फूट लॉक शिकवला. सिल्क पावलाभोवती आठच्या आकड्यासारखा गुंडाळायचा आणि त्यावर उभं राहायचं. अंगाचा भार जितका जास्त, तितका तो वेढा घट्ट बसतो, ती त्याची खुबी आहे. पण सोडवायचा असेल तर आधी हातांवर लटकून पायावरचा भार काढावा लागतो. माझ्या मुलाचे हात तोवर थकले होते. तो खाली बसला, वेढा आणखी आवळला, आणि एका पायावर टांगलेला तो रडायला लागला. जमिनीपासून फार तर पाच फूट. बाई हॉलच्या दुसऱ्या टोकाला दुसऱ्या मुलीला उलटं करत होत्या. मी धावले, खालून त्याला कमरेत उचललं, भार निघाला तसा कापड आपोआप सैल पडलं. पायाची बोटं जांभळी पडली होती. पुढे दोन महिने त्याने सिल्कचं नाव काढलं नाही.

नंतर त्याच्याच हट्टाने दुसरा वर्ग बघितला. तिथल्या शिक्षकाने पहिल्या दिवशी कुणालाच वर चढवलं नाही. सगळ्यांना गादीवर बसवलं, सिल्कचं टोक प्रत्येकाच्या पावलाला गुंडाळायला लावलं आणि सोडवायला लावलं. दहा वेळा उजव्या पायाने, दहा वेळा डाव्या पायाने, मग डोळे मिटून. त्यानंतर गुडघ्याएवढ्या उंचीवर उभं राहून तेच. ‘वर जाता येणं सोपं आहे, तुम्हाला खाली येता येतं की नाही ते मला बघायचंय,’ असं तो मुलांना म्हणाला. मला साताऱ्याचे आमचे सर आठवले. मल्लखांबात अढी, दसरंग, फिरकी, सुईदोरा यांच्या पंगतीत ‘उतरती’ हा वेगळा प्रकारच आहे. खाली येणं ही आपल्याकडे शिकायची गोष्ट मानलेली आहे.

म्हणून वर्ग बघायला जाल तेव्हा भिंतीवरचे फोटो बघू नका. नवशिकी मुलं खाली कशी येतात ते बघा. घसरत येऊन हात भाजून घेतात, की हातावर हात ठेवत, पाय कापडात अडकवत सावकाश उतरतात? सिल्कवरून घसरलं की तळव्यांची आणि गुडघ्यामागची कातडी चटका बसल्यासारखी सोलवटते. चांगल्या वर्गात हे क्वचित दिसतं.

शिक्षकांना विचारायचे प्रश्न मोजकेच आहेत. छतावरची कडी, स्विव्हल (गरगर फिरणारा जोड), कॅराबिनर (उघडझाप होणारी धातूची कडी) हे कोण तपासतं आणि किती दिवसांनी? ज्याला हे माहीत असतं तो लगेच सांगतो, नोंदवहीसुद्धा दाखवतो. ‘सगळं सेफ आहे, काळजी करू नका’ एवढंच उत्तर आलं तर दुसरा वर्ग बघा. प्रत्येक सिल्कखाली जाड क्रॅश मॅट हवीच. योगासनांची पातळ चटई तिच्या जागी चालणार नाही. एकाच वेळी हवेत किती मुलं असतात आणि त्यांच्यावर नजर ठेवणारी मोठी माणसं किती? आई-बाबांना बसून बघू देतात का? दर आठवड्याला बघायची गरज नाही, आपण समोर असलो की काही मुलं बिचकतात. पण दार बंद ठेवणारा वर्ग नको.

या कलेत शिक्षकाला मुलाला हात लावावाच लागतो. कंबर धरून उलटं करणं, पाय वळवून दाखवणं हे त्यात येतंच. म्हणून आपल्या व्हिक्टोरिया राज्यातलं वर्किंग विथ चिल्ड्रन चेक कार्ड, म्हणजे मुलांसोबत काम करणाऱ्यांची पार्श्वभूमी तपासून दिलेलं सरकारी कार्ड, मागून बघा. कार्डाचा नंबर आणि आडनाव घालून ते चालू आहे की नाही हे ऑनलाइन तपासता येतं. मागायला संकोच वाटून घेऊ नका, इथे ते रोजचं आहे. आणि मुलीला घरी मराठीत सांगून ठेवा : ‘सर किंवा बाई हात लावण्याआधी विचारतील. तुला नको वाटलं तर नाही म्हणायचं, आणि घरी येऊन मला सांगायचं.’ बाहेर इंग्रजी बोलणाऱ्या आपल्या मुलांना असल्या गोष्टी मराठीत सांगितल्या की त्या आईने सांगितलेल्या म्हणून लक्षात राहतात, असा माझा अनुभव आहे.

तिसऱ्या-चौथ्या आठवड्यात ‘ड्रॉप’ शिकवणारा वर्ग टाळा. ड्रॉप म्हणजे अंगाला वेढे घेऊन वरून सोडून देणं, कापड उलगडत जातं आणि शेवटी झटक्यात धरतं. बघायला तेच सगळ्यात भारी असतं आणि मुलांना तेच हवं असतं. त्या झटक्यात मुलाच्या वजनाच्या कितीतरी पट जोर कडीवर आणि त्याच्या खांद्या-कमरेवर येतो. त्याला तयारी लागते, वर्ष-दोन वर्षंही लागू शकतात.

शरीराबद्दल थोडं. वाढत्या वयात हाडांच्या टोकांना कूर्चा असते, तिथून हाड लांब होतं, आणि तीच जागा नाजूक असते. त्यामुळे कुणी पाठीवर बसून स्प्लिट (दोन्ही पाय पूर्ण फाकवून जमिनीला टेकवणं) खाली दाबत असेल तर मुलीला उचलून घरी आणा. आपली मुलं मांडी घालून, उकिडवी बसलेली असतात, पुष्कळांचे सांधे मोकळे असतात आणि त्याचं कौतुकही होतं. खरं तर अशाच मुलांना लवचीकता वाढवण्यापेक्षा ताकद वाढवायची गरज जास्त असते. लटकताना खांदे कानांपर्यंत चढलेले दिसले की समजा, भार स्नायूंवर न पडता सांध्यावर पडतोय. ‘खांदे खाली ओढून लटक’ हे शिक्षक किती वेळा सांगतात ते ऐका. आणि मुलीच्या वजनावर कुणी एक शब्द जरी बोललं तरी मी त्या वर्गात परत पाऊल टाकणार नाही.

कपडे : अंगासरशी लेगिंग्ज, पोट झाकेल असा टॉप, चेन-बटण नको. मुली जो लिओटार्ड, म्हणजे अंगाला चिकटून बसणारा सलग पोशाख, घालतात तो फ्रान्सच्या ज्यूल लिओतारच्या नावावरून. त्याने १८५९ साली पॅरिसमध्ये पहिल्यांदा उडत्या झोक्याचा खेळ केला. त्याआधी तो सराव करायचा वडिलांच्या व्यायामशाळेतल्या पोहण्याच्या तलावावर. पडला तर पाण्यात.

दागिन्यांवरून घरात वाद होईल, त्याची तयारी ठेवा. कानातले, बांगड्या, पैंजण, गळ्यातला ताईत, हातातला देवळाचा धागा, कमरेचा करगोटा, सगळं काढायचं. वेढ्यात पैंजण अडकलं तर कातडी फाटते. गळ्यातली साखळी अडकली तर काय होईल ते लिहायची गरज नाही. सासूबाईंना ताईत काढणं जड जाईल. तो वर्गाच्या बाहेर त्यांच्याच हातात द्या, तासभर त्या सांभाळतील. निघण्याआधी पोळी-भाजी भरवू नका. दोन तास आधी जेवण, नंतर फार तर केळं. उलटं लटकल्यावर भरलेलं पोट लगेच बाहेर येतं.

आता सगळ्यात कळकळीने सांगते ते. घरी काहीही टांगू नका. मुलगी मागेल. नेटवर सिल्क आणि कड्या स्वस्तात मिळतात, आणि बाबा ड्रिल घेऊन उभे राहतात. आपल्या लहानपणी स्लॅबच्या कडीला झोपाळा टांगलेला असायचा, ती सवय डोक्यात असते. मेलबर्नच्या बहुतेक घरांत स्लॅब नसतो. वर लाकडी सांगाडा आणि त्याला ठोकलेलं प्लास्टरबोर्ड असतं, आणि तो सांगाडा झटक्याचा भार घ्यायला बांधलेला नसतो. बंक बेडला ओढणी किंवा आईची साडी बांधून खेळणंही तितकंच धोक्याचं. वेढा गळ्याभोवती यायला क्षण लागतो आणि घरात ते कुणाच्या लक्षातही येत नाही. घराचा नियम एकच ठेवा : सिल्क फक्त वर्गात. सराव हवा असेल तर बागेतले मंकी बार (लटकायच्या आडव्या दांड्या) आहेत, फुकट आहेत. वीस सेकंद लटकणं, खांदे खाली ओढणं, पाय पोटाशी घेणं. घरी सूर्यनमस्कार. एवढं नियमाने केलं तरी महिन्याभरात फरक दिसेल.

मेडिकेअर ही सरकारी आरोग्य योजना असली तरी व्हिक्टोरियात ॲम्ब्युलन्सचा खर्च त्यात येत नाही. ॲम्ब्युलन्स व्हिक्टोरियाची मेंबरशिप घेतली नसेल तर घेऊन टाका. सिल्कसाठीच असं नाही, एरवीही ती हवीच.

पुढचं स्वप्न आताच बघू नका, पण वाट आहे हे माहीत असू दे. याच व्हिक्टोरियाच्या सीमेवर ऑल्बरी-वोडोंगाला १९७९ पासून फ्लाइंग फ्रूट फ्लाय सर्कस ही मुलांची सर्कस आहे. १९८३ मध्ये चीनच्या नानजिंगचे कसरतपटू तिथे येऊन मुलांना शिकवून गेले. पुढे मेलबर्नच्या प्राहरानमध्ये सर्कस शिकवणारी राष्ट्रीय संस्थाही सुरू झाली. आणि २०१९ च्या फेब्रुवारीत मुंबईत शिवाजी पार्कवर मल्लखांबाची पहिली जागतिक स्पर्धा झाली, तिला परदेशी मुलंमुलीही आली होती. पुढच्या वेळी भारतात जाल तेव्हा मुलीला दादरच्या समर्थ व्यायाम मंदिरात संध्याकाळी नुसती बघायला न्या. दोरीवरच्या मुली बघून तिला जे कळेल ते आपल्याला शब्दांत सांगता येणार नाही.

पहिल्याच दिवशी पूर्ण टर्मची फी भरू नका, एक ट्रायल क्लास मागा. सासूबाईंना सोबत न्या, खुर्चीवर बसवा, हातात ताईत द्या. परत येताना गाडीत मुलीला विचारा, आज काय शिकवलं. ‘उतरायला शिकवलं’ असं ती म्हणाली तर घरी पोचल्यावर फी भरून टाका.