थंडीत हॅमस्टरचा प्रवास

प्रश्न : आमच्या हॅमस्टरला पशुवैद्यांकडे न्यायचे आहे. मोटारीने जाण्यास सुमारे तासभर लागतो आणि सध्या कडाक्याची थंडी आहे. त्याचा नेहमीचा मोठा पिंजरा जाड पांघरुणात पूर्ण गुंडाळून, आत गरम पाण्याची पिशवी ठेवली तर चालेल का?

उत्तर : केवळ नखे कापण्यासारखे किरकोळ काम असेल, तर थंडी ओसरेपर्यंत थांबावे. जाणे आवश्यकच असेल, तर मोठा पिंजरा घरीच ठेवावा. प्राण्याचे शरीर जितके लहान, तितका वजनाच्या मानाने त्वचेचा पृष्ठभाग जास्त आणि उष्णताही तितक्याच झपाट्याने निघून जाते. म्हणून त्याला स्वतःच्या उबेने तापेल असे आटोपशीर घरटे हवे. हवेसाठी छिद्रे असलेला, कुरतडता न येणारा छोटा डबा घेऊन त्यात बिनवासाच्या कागदाच्या पट्ट्या भरपूर भराव्यात आणि त्याच्या जुन्या अंथरुणातील मूठभर भाग मिसळावा, म्हणजे ओळखीच्या वासाने तो लवकर स्थिरावतो. कापसासारखे तंतुमय अंथरूण मात्र वापरू नये, कारण त्यात पाय अडकून इजा होते.

डबा पांघरुणाने तीन बाजूंनी झाकून चौथी बाजू हवेसाठी मोकळी ठेवावी. गरम पाण्याची पिशवी आत ठेवल्यास तो ती कुरतडेल, आणि अंगावर पाणी सांडले तर कोरड्या थंडीपेक्षा ते कितीतरी वाईट. ती कापडात गुंडाळून डब्याच्या बाहेर, एकाच टोकाला टेकवावी; उकाडा वाटल्यास त्याला दुसऱ्या टोकाला सरकता आले पाहिजे. याच कारणाने पाण्याची बाटलीही प्रवासात काढून ठेवावी, कारण हादऱ्यांनी ती ठिबकत राहते. तासाभरासाठी काकडीची एक चकती पुरे.

मोटार आधी गरम करून मगच त्याला आत न्यावे. डबा पुढच्या आसनामागे खाली ठेवावा आणि हीटरचा झोत थेट त्यावर येऊ देऊ नये. वाटेत बंद मोटारीत त्याला एकटे सोडून जाऊ नये. उभ्या मोटारीतील ऊब फार काळ टिकत नाही.

तापमान ५ अंश सेल्सिअसच्या आसपास उतरल्यास हॅमस्टर गुंगीत जाऊ शकतो. अंग गार पडते, श्वास इतका मंदावतो की प्राणी मेला असाच समज होतो, पण मिशा निरखून पाहिल्यास अधूनमधून किंचित थरथरताना दिसतात. अशा वेळी त्याला हीटरसमोर धरणे धोक्याचे आहे. त्याला ओंजळीत किंवा मऊ कापडात घेऊन उबदार खोलीत हळूहळू ऊब द्यावी आणि पशुवैद्यांना ताबडतोब कळवावे. दवाखान्यात पोहोचल्यावरही डबा गार फरशीवर न ठेवता मांडीवर घ्यावा आणि तपासणीच्या खोलीत गेल्याशिवाय उघडू नये.