किटला दोष देण्याआधी

प्रश्न : मी एम.फार्म.ला आहे. ताणाचा परिणाम पाहण्यासाठी रॅटच्या प्लाझ्मात (रक्ताचा द्रव भाग) एलायझाने, म्हणजे अँटिबॉडीने रेणू पकडून मोजायच्या चाचणीने, मेट-एन्केफॅलिन आणि बीटा-एन्डॉर्फिन ही शरीराची दोन वेदनाशामक पेप्टाइडं मोजली. एन्केफॅलिन जवळपास शून्य आलं. एन्डॉर्फिन मात्र ताण न दिलेल्या कंट्रोल गटातही भरपूर. किट बदलू का?
– एक वाचक, कर्वेनगर

उत्तर : तुमच्या पत्रात किटचा कॅटलॉग नंबरसुद्धा आहे, पण रक्त काढल्यापासून प्लाझ्मा फ्रीझरमध्ये जाईपर्यंत किती वेळ गेला ते कुठेच नाही. माझा संशय तिथेच आहे.

मेट-एन्केफॅलिन म्हणजे अवघी 5 अमिनो आम्लं. 1975 मध्ये ह्यूज आणि कोस्टरलिट्झ यांनी डुकराच्या मेंदूतून ते वेगळं काढलं. रक्तातली विकरं (एन्झाइम्स) त्याचं टोकाचं टायरोसिन काही मिनिटांतच तोडतात, आणि मग तुमची अँटिबॉडी शोधणार काय? आम्ही किरणोत्सारी आयोडीन-125 वापरून आरआयए (अँटिबॉडीचीच जुनी चाचणी) करायचो तेव्हाची गोष्ट. ॲनिमल हाऊस एका टोकाला, रक्त फिरवून प्लाझ्मा वेगळा करणारं सेंट्रिफ्यूज दुसऱ्या टोकाला आणि मध्ये कँटीन. नळ्या रॅकमध्ये, हातात कटिंग चहा. महिनाभर शून्यं मोजली, आणि मीही ट्रेसरलाच (त्या आयोडीनची खूण लावलेल्या पेप्टाइडला) शिव्या घातल्या.

म्हणून ईडीटीएची (रक्त गोठू न देणारी) नळी आधीपासून बर्फात हवी आणि सेंट्रिफ्यूज थंड. विकररोधक म्हणून नुसतं ॲप्रोटिनिन घातलं असेल तर ते इथे पुरत नाही. ते सेरीन प्रोटिएज नावाची विकरं अडवतं. एन्केफॅलिन खाणारा चोर अमिनोपेप्टिडेज, त्याला बेस्टाटिन लागतं. प्लाझ्माचे छोटे भाग करून लगेच उणे 80 ला टाका, म्हणजे पुन्हापुन्हा वितळवावं लागणार नाही. (गुरुवारी नको. पुण्यात राहता, त्या दिवशी वीज जाते हे सांगायला नको.)

आता एन्डॉर्फिन. मेंदूखालची पिट्यूटरी ग्रंथी ते एसीटीएच या ताणाच्या संप्रेरकाबरोबरच सोडते, दोन्ही एकाच मोठ्या प्रथिनातून तुटून येतात. पिंजरा हलवला, शेपटी धरली, शेजारच्याचं रक्त त्याच खोलीत काढलं, की तुमचा कंट्रोल कंट्रोल राहत नाही. आठवडाभर रोज हाताळून त्यांना सवय करा आणि रक्त ठरलेल्या वेळीच काढा. शिवाय बीटा-एन्डॉर्फिन हा बीटा-लिपोट्रोपिन या मोठ्या पेप्टाइडचा शेपटाकडचा तुकडा, त्यामुळे बऱ्याच अँटिबॉडी दोघांनाही धरतात. किटच्या कागदातला क्रॉस-रिॲक्टिव्हिटीचा (अँटिबॉडी आणखी कोणाला धरते त्याचा) तक्ता वाचा. किट माणसाच्या एन्डॉर्फिनसाठी असेल तर आणखी जपून. रॅटमध्ये त्याच्या शेवटाकडची काही अमिनो आम्लं वेगळी आहेत.

एक विचारूनच ठेवते, रागावू नका. एन्केफॅलिनचं किट स्पर्धात्मक असणार (नमुन्यातलं आणि किटमधलं खूण लावलेलं पेप्टाइड एकाच अँटिबॉडीसाठी भांडतात), कारण एवढ्याशा रेणूवर दोन अँटिबॉडी बसायला जागाच नसते. त्यात रंग फिका म्हणजे पेप्टाइड जास्त. आलेख उलटा वाचलेला नाही ना? हसू नका, मी पाहिलंय.

आणि खरा प्रश्न मेंदूतल्या ताणाचा असेल तर रक्त कशाला मोजताय? रक्तातलं एन्डॉर्फिन मुख्यतः पिट्यूटरीचं. मेंदूसाठी ऊतक लगेच गरम आम्लात टाकून विकरं मारायची, मग पेप्टाइड सी-18 या गाळणीसारख्या कॉलममधून वेगळं काढून सुकवायचं. काम वाढतं, खरं आहे.

आधी एवढंच करा : ताज्या प्लाझ्मात माहीत असलेल्या प्रमाणात एन्केफॅलिन मिसळा, तेवढंच नुसत्या बफरमध्ये (विकरं नसलेल्या द्रावणात). दोन्ही तुमच्या नेहमीच्या पद्धतीने, नेहमीच्याच वेगाने हाताळा आणि मोजा. बफरमधलं सापडलं आणि प्लाझ्मातलं गायब झालं, तर किटचे पैसे वाचले. आकडे मला कळवा.