'वेदनाग्राही' की 'इजाग्राही'?

निपाणीकडच्या एका शिक्षिकेने विचारलंय: 'नॉसिसेप्टर' (इजा टिपणारी चेतातंतूंची टोकं) शिकवताना मी मराठीत 'वेदनाग्राही' म्हणते, ते बरोबर का? आणि मिरची कांडून आल्यावर हात 'झोंबतात' म्हणायचं की 'भगभगतात'?

ताई, 'वेदनाग्राही' रुळलाय खरा, पण मला तो खटकतो. इंग्रज शरीरक्रियाशास्त्रज्ञ शेरिंग्टनने १९०६ च्या सुमारास 'नॉसिसेप्टर' हा शब्द घडवला तो लॅटिन 'नोसेरे'वरून, म्हणजे इजा करणे. कातडीत चेतातंतूंची जी उघडी टोकं असतात ती चटका, टोचणी, चेंगरणं टिपतात आणि मज्जारज्जूतून वर वर्दी धाडतात. दुखणं होतं ते मेंदूत. ऑपरेशनला पूर्ण भूल दिली तरी ही टोकं वर्दी देतच असतात, वेदना मात्र नसते. शिवाय 'वेदना' आलाय 'विद्'वरून, म्हणजे जाणणे. टोक बिचारं काय जाणणार? म्हणून माझं मत 'इजाग्राही'ला. 'इजा' अरबीतून आलाय म्हणून कोणी नाक मुरडलं तर मुरडू दे.

दुखण्याच्या शब्दांत आपली बोली पाठ्यपुस्तकाच्या पुढे आहे. उंबऱ्याला ठेच लागली की आधी कळ जाते आणि क्षणभराने ठणका सुरू होतो. हे दोन वेगळे तंतू. कळ आणणाऱ्यांना पातळ वेष्टण असतं, ते सेकंदाला ५ ते ३० मीटर वेगाने निरोप नेतात. ठणकेवाल्यांना वेष्टणच नाही, त्यांचा वेग मीटरभर. पायाच्या अंगठ्यापासून मज्जारज्जूपर्यंत यायलाच त्यांना सेकंदभर लागतो. वर्गात ठेचेचंच उदाहरण द्या, पोरांना अनुभव असतोच.

आता मिरची. ब्याडगी रंगाला, संकेश्वरी झणक्याला, हे तुमच्याकडे मी काय सांगायचं! डंकावरून चटणी कांडून आणली की घरात कोणीतरी म्हणतंच, "हात भगभगायलेत गं." शेजारची कन्नड बाई त्यालाच 'उरी' म्हणते. कन्नडात उरी म्हणजे ज्वाळाही आणि आगही. आणि ते अगदी नेमकं आहे, कारण मिरचीतलं कॅप्सायसिन (तिखटपणा आणणारं द्रव्य) चेतातंतूच्या टोकावरच्या ज्या ग्राही प्रथिनाला लागतं तोच ग्राही सुमारे ४३ अंशांवरच्या उष्णतेने जागा होतो. अमेरिकी शास्त्रज्ञ डेव्हिड ज्युलियस यांच्या प्रयोगशाळेने तो १९९७ मध्ये शोधला, २०२१ चं नोबेल त्यांना आर्डेम पॅटापुटियन यांच्यासोबत मिळालं. मेंदूला वाटतं, हात भाजला. म्हणजे 'तिखट' ही चवच नव्हे. शब्दही 'तीक्ष्ण'वरून आलाय, टोचणाऱ्याच्या घरातला.

'झोंबणे' मूळ अंगाला भिडण्याचं, झोंबाझोंबीतलं. झोंबते ती मिरची, वारा, बोलणं. हात झोंबत नाहीत, हाताला झोंबतं. मग हात भगभगतात. पाण्याने धुऊन फारसा फरक पडत नाही, कॅप्सायसिन पाण्यात विरघळत नाही. आधी गोडंतेल चोळा, मग साबण लावा.