पत्नी ग्रामपंचायतीला उभी राहायची म्हणते. मृणाल गोरे यांच्यासारखं घर सांभाळून समाजकारण तिला जमेल का?

तुमचे दोन्ही मुलगे शाळेत जायच्या आधीच्या वयाचे आहेत, आई-वडील गावीच आहेत, एवढं तुम्ही लिहिलंय. तुम्ही स्वतः घरात काय करता, ते मात्र लिहिलेलं नाही. उत्तर तिथेच अडतं, पण त्याच्याकडे नंतर येते.

मृणालताईंचं नाव तुम्हीच काढलंत म्हणून सांगते. 'घर सांभाळून' हे लेबल त्यांना लावू नका. डॉक्टरकीचं शिक्षण अर्धवट टाकून त्या राष्ट्र सेवा दलाच्या कामात पडल्या. लग्न केलं ते बंडू गोऱ्यांशी, म्हणजे कामातल्याच सोबत्याशी. 1958 साली तेही गेले. ताई तेव्हा तिशीच्या, पदरात लहान लेक. नातेवाईकांच्या हिशेबाने त्यांनी आता घरी बसायला हवं होतं. त्या 1961 ला मुंबई महापालिकेत निवडून गेल्या. पाण्यासाठी एवढ्या भांडल्या की लोकांनी 'पाणीवाली बाई' हेच नाव ठेवलं. 1972 मध्ये महागाईविरुद्ध लाटणी घेऊन बायका रस्त्यावर आल्या त्यातही त्या पुढे, आणीबाणीत तुरुंगात, 1977 ला लोकसभेत. आणि सुरुवात कुठून, तर गोरेगावच्या ग्रामपंचायतीतून. तेव्हा गोरेगाव मुंबईत आलेलं नव्हतं. म्हणजे तुमच्या मिसेस निघाल्यात ती वाट बरोबरच आहे.

आता माझ्या घरचं. माझी आई एक टर्म सरपंच होती, माणदेशातल्या एका दुष्काळी गावात. पद महिला राखीव निघालं आणि बाबांचं नाव भावकीत मोठं, म्हणून आईचा फॉर्म भरला. खुर्चीत बाबाच बसणार हे सगळ्यांनी धरूनच ठेवलं होतं, बाबांनीही. पहिल्या मासिक सभेला दोघं मिळून गेले. ग्रामसेवकांनी खुर्ची ओढली ती बाबांसाठी. आई सगळ्यांसमोर म्हणाली, "तुम्ही घरी जावा, डेअरीला दूध घालायचं राहिलंय." बाबा गेले. त्यावर गावात पुढे कितीतरी दिवस हसणं चाललं होतं. बाबांनी मनाला लावून घेतलं नाही, हे त्यांच्या नावावर मी जमा करते.

आमच्याकडे उन्हाळ्यात टँकर. टँकर येणार, गावच्या विहिरीत पाणी सोडणार, तिथून बायका शेंदून नेणार. खेपेच्या नोंदवहीवर सही झाली की ती खेप पूर्ण धरली जाते, टँकर भरून आला की अर्धा, हे कोण बघतंय? आई बघायची. विहिरीवर उभी राहून पंचायतीच्या शिपायाला टँकरवर चढवायची, झाकण उघडून आत काठी घालायला लावायची आणि काठी कुठपर्यंत ओली झाली ते बोटाने दाखवायला सांगायची. कमी असेल तर वहीत तसंच लिहायचं आणि मगच सही. ड्रायव्हर लोक तिला वैतागले होते. एकाने तर थेट बाबांकडे तक्रार आणली. बाबांनी त्याला चहा पाजून परत पाठवला.

त्याच वर्षी माझ्या आत्येबहिणीचा साखरपुडा आमच्या दारात होता. मांडव घातलेला, पाहुणे पुण्याहून आलेले, पंगत बसायची वेळ, आणि तेवढ्यात टँकर आला. ड्रायव्हर थांबायला तयार नाही, त्याला पुढचं गाव होतं. आई जरीच्या साडीवर तशीच विहिरीवर गेली. आली तेव्हा पहिली पंगत उठली होती. आत्याने ते अजून सोडलेलं नाही. परवा कुणाच्या तरी बारशात परत ऐकवलं, "वहिनींनी गावाचा संसार केला, घराचा नाही केला."

मला राग येतो तो यासाठी की आत्याला त्या दिवशी आई दिसली नाही, पण आजी चुलीपुढून हललीच नव्हती हेही दिसलं नाही. सुनेला "जा तू, इथलं मी बघते" म्हणणारी सासू होती म्हणून सरपंचबाई विहिरीवर जाऊ शकली. आणि आजीचे गुडघे गेले तेव्हा भाकरी माझ्याकडे आली. दादा माझ्याहून तीन वर्षांनी मोठा. त्याच्याकडे नाही आली, माझ्याकडे आली. मी नववीत होते. परातीत पीठ मळायचं, थापायचं, तव्यावर टाकून वरून पाण्याचा हात फिरवायचा, हे उरकून साडेदहाच्या शाळेला पळायचं. दादा जेवून ताट तिथेच ठेवून उठायचा. आई गावाचं पाणी मोजत होती तेव्हा घरातलं हे तिनेही मोजलं नाही. तिला मी हे बोलले आहे. ती म्हणाली, "मग काय राजीनामा द्यायचा होता का?" नव्हता द्यायचा. दादाच्या हातात परात द्यायची होती.

म्हणून तुमचा प्रश्नच मला उलटा वाटतो. बाईला जमेल का, हे काय विचारता? ती बाहेर पडली की तिचं घरातलं काम नाहीसं होत नाही, ते घरातल्या दुसऱ्या बाईच्या अंगावर पडतं. तुमच्याकडे ती दुसरी बाई म्हणजे तुमची आई. त्यांना विचारलंय का? आणि तुम्हाला वरण-भात, मुलांची आंघोळ, डबा, रात्रीचं रडणं यातलं काय काय येतं? येत नसेल तर प्रचार सुरू व्हायच्या आधी शिकून घ्या. प्रचारात कुणालाच वेळ मिळत नाही.

आता थोडं सबुरीचं, नाहीतर म्हणाल बाई नुसती भांडते. सगळ्याच गावांत आईसारखं चालत नाही. सदस्यांचा गट फुटला की अविश्वास ठराव येतो आणि तेव्हा भावकीसुद्धा पाठ फिरवते. मानधनावर घर चालत नाही, उलट चहापाण्याला घरचेच पैसे जातात. ग्रामसभेआधी महिला सभा घ्यायची असते, ती बऱ्याच ठिकाणी कागदावरच उरकतात. तुमच्या मिसेसना ती खरोखर भरवता आली तर निम्मं काम झालं, कारण पाण्याचं आणि रेशनचं बायका तिथेच बोलतात, मोठ्या सभेत नाही. जागा जातीसाठी राखीव असेल तर जात पडताळणीचं आत्ताच बघा. आणि सह्या त्यांनीच करायच्या, वाचून. तुम्ही "इथे कर" म्हणून बोट दाखवायचं नाही.

आत्या, तू हे वाचतेस हे मला माहीत आहे. ताईच्या साखरपुड्याला ज्या विहिरीचं पाणी पंगतीत वाढलं, ती त्या दिवशी पूर्ण खेपेने भरली होती. वहीत सही आहे.