आयात शुल्क वाढले की घरे महाग होतात का?

प्रश्न : अमेरिकेने आयात शुल्क वाढवल्यामुळे तेथील घरे महागतील, असे काही जण म्हणतात, उलट अर्थव्यवस्था मंदावून व्याजदर उतरतील आणि घर घेणे सोपे होईल, असेही वाचनात येते. यांपैकी खरे काय मानावे?

उत्तर : आयात शुल्काचा रोख परकी उत्पादकावर असला, तरी सरकारी तिजोरीत ते भरतो देशातलाच आयातदार, आणि २०१८-१९ च्या शुल्कवाढीच्या अभ्यासांत जवळजवळ सगळा भार अमेरिकी खरेदीदारांवरच पडल्याचे आढळले. २०१८ मध्ये परदेशी वॉशिंग मशीनवर शुल्क बसले, कपडे वाळवण्याच्या यंत्रांवर बसले नाही. तरीही दोन्ही सुमारे १२ टक्क्यांनी महागली, कारण ती बहुधा जोडीने विकली जातात आणि परकी स्पर्धा बोथट झाल्यावर देशी कंपन्यांनीही भाव वाढवून घेतले.

अमेरिकेतील बहुतेक घरांचा सांगाडा लाकडी असतो. कॅनडाच्या लाकडावरील शुल्क २०२५ मध्ये सुमारे ३५ टक्क्यांवर गेले आणि ऑक्टोबरमध्ये त्यात आणखी १० टक्क्यांची भर पडली. पोलाद व ॲल्युमिनियमवरील शुल्क जूनमध्येच ५० टक्के झाले होते. तरीही घरांच्या किमती त्याच प्रमाणात चढत नाहीत, कारण विकली जाणारी बहुसंख्य घरे जुनी असतात आणि नव्या घराच्या किमतीतही जमिनीचा वाटा मोठा असतो. वाढलेला खर्च ग्राहकाकडून वसूल होणार नाही असे दिसले, की बिल्डर काम लांबणीवर टाकतो, आणि त्या न बांधलेल्या घरांची टंचाई पुढे काही वर्षांनी जाणवते. या परिणामाची चर्चा फारशी होत नाही. माझ्या मते मात्र तोच सर्वांत गंभीर आहे.

व्याजदराचे गणित अधिक अवघड आहे. तेथील गृहकर्जाचे दर साधारणपणे १० वर्षांच्या सरकारी रोख्यांच्या परताव्यामागून चालतात. २ एप्रिल २०२५ रोजी व्यापक शुल्कांची घोषणा झाल्यावर मंदीच्या भीतीने हा परतावा ४ टक्क्यांच्या आसपास उतरला आणि त्यानंतर आठवड्याभरातच ४.५ टक्क्यांच्या जवळ पोहोचला. शिवाय २०२०-२१ मध्ये ३ टक्क्यांच्या आसपास स्थिर व्याजदराने कर्ज घेतलेले मालक ते सोडून महाग कर्ज घ्यायला राजी नसल्याने घर विकत नाहीत. मंदीमुळे दर खरोखरच उतरले, तरी त्याचा लाभ ज्याची नोकरी टिकली आहे त्यालाच मिळतो, कारण मिळकतीची खात्री नसलेल्या अर्जदाराला स्वस्त कर्जही बँक देत नाही.